डावीकडचे सावज, उजवीकडचा शिकारी

संग्राह्य पत्त्यांच्या बहुतेक खेळांत वैरी समोर बसलेला असतो. दोघे खेळतात, एक हरतो, डाव मिटतो. ‘व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल’ या खेळात मात्र चार किंवा पाच जण गोल बसतात आणि वैर डावीकडे सरकत जाते. डाव्या हाताला बसलेला तो आपले सावज, उजव्या हाताला बसलेला तो आपला शिकारी. सावज बाद झाले की त्याच्या पलीकडचा खेळाडू नवे सावज होतो आणि वर्तुळ एका माणसाने लहान होते. समोरच्या बाजूला बसलेल्यांशी थेट वैर नाही. ते आत्ता मदतीला येतील, अर्ध्या तासाने कदाचित त्यांच्यावरच चालून जावे लागेल.

पुढील पानांत डेकबांधणीचा जो विचार येणार आहे, त्याचे मूळ या बैठकीत आहे. कोणते पान जबरदस्त, कोणते कुचकामी, याच्या याद्या नवख्या खेळाडूला फार आवडतात. या खेळात त्या लवकर निरुपयोगी ठरतात, कारण इथे पानाची किंमत ते डावीकडे काय करते आणि उजवीकडून काय अडवते यावर ठरते. दोन्हींपैकी काहीच न करणारे पान कितीही देखणे असले तरी डेकमध्ये ते अडगळ.

आधी थोडा इतिहास. ऑगस्ट 1993 मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ बाजारात आला आणि संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचा धंदा जन्माला आला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणितात पीएच.डी. केलेला माणूस. वर्षभरात, 1994 च्या ऑगस्टमध्ये, विझार्ड्स ऑफ द कोस्ट या त्याच प्रकाशकाने गारफील्डचा दुसरा संग्राह्य पत्त्यांचा खेळ, म्हणजे हाच, आणला. त्याला पार्श्वभूमी होती व्हाइट वुल्फ कंपनीच्या ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ या 1991 मधल्या भूमिका-खेळाची. तिथले व्हॅम्पायर आधुनिक शहरांत राहतात, कुळांत विभागलेले आहेत, आणि शतकानुशतके जगलेले काही म्हातारे पडद्याआडून बाकीच्यांना नाचवत असतात. नारायण धारपांच्या ‘लुचाई’मुळे ज्या मराठी वाचकाला रक्तपिपासू म्हणजे अंधाऱ्या घरातली भीती एवढेच ठाऊक आहे, त्याला हे जग जरा निराळे वाटेल. इथे भीतीपेक्षा राजकारण अधिक आहे. खेळाडू स्वतः त्या म्हाताऱ्यांपैकी एक असतो, त्याला मेथुसेला म्हणतात. टेबलावर मांडलेले व्हॅम्पायर हे त्याचे हस्तक.

खेळाचे पहिले नाव ‘जिहाद’ होते. धार्मिक अर्थाच्या शब्दाशी गल्लत नको म्हणून 1995 मध्ये ते बदलून आजचे नाव आले. बदल फक्त डब्यावर झाला नाही, पानांची पाठही बदलली. त्यामुळे जुनी आणि नवी पाने एका डेकमध्ये मिसळणारे आजही अपारदर्शक स्लीव्ह वापरतात, नाहीतर पाठीवरूनच पान ओळखू येईल.

आता हिशेबाकडे. प्रत्येकाला सुरुवातीला 30 पूल मिळतात. पूल शून्यावर आला की खेळाडू बाद. आणि याच 30 मधून व्हॅम्पायर उभे करायचे, काही मास्टर पानांची, म्हणजे खेळाडूने स्वतः खेळायच्या पानांची, आणि उपकरणांची किंमत मोजायची. म्हणजे जीव आणि पैसा एकाच डबीत ठेवलेले आहेत. गारफील्डने या खेळात जी काही करामत केली आहे, त्यातली ही सगळ्यात कठोर. एखादा खेळाडू 9 क्षमतेचे दोन आणि 8 क्षमतेचा एक असे तीन भारदस्त व्हॅम्पायर समोर मांडतो, टेबलावर दरारा बसतो, पण त्याच्याकडे उरलेले असतात 4 पूल. आता त्याच्या शिकाऱ्याकडे डॉमिनेट ही शक्ती वरच्या पातळीवर असलेला एक व्हॅम्पायर आहे असे समजा. साधा ब्लीड, म्हणजे सावजाचा पूल खाण्याची कृती, एकाचा असतो. ‘गव्हर्न द अनअलाइन्ड’ या पानाने त्यात 2 वाढतात, ‘कंडिशनिंग’च्या वरच्या पातळीने आणखी 3. एक, दोन आणि तीन मिळून सहा. कोणी अडवले नाही, वळवले नाही, तर दरारा एका कृतीत संपला.

क्षमता 1 पासून 11 पर्यंत असते आणि व्हॅम्पायर उभा करायला तेवढे पूल त्याच्यावर चढवावे लागतात. चढवण्याचा वेगही बांधलेला आहे: एका पाळीत 4 ट्रान्सफर. पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत फक्त एकच, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 3, पुढच्यांना पूर्ण 4. व्हॅम्पायर उभे करण्याचा टप्पा कृतींच्या टप्प्यानंतर येतो, म्हणजे आज उभा राहिलेला हस्तक काम करणार तो पुढच्या पाळीत. व्हेन्ट्रू कुळातली अरिका 11 क्षमतेची आहे. पूर्ण ट्रान्सफर मिळणारा खेळाडू तिला तिसऱ्या पाळीच्या शेवटी उभी करतो आणि चौथ्या पाळीत ती पहिली कृती करते. तोच डेक पहिल्या खेळाडूच्या वाट्याला आला तर चौथ्या पाळीच्या शेवटी आणि कृती पाचवीत. स्पर्धेतल्या डावाला दोन तासांची मुदत असते. पाच जणांत वाटले तर माणशी 24 मिनिटे. पाळीला दोन मिनिटे धरली तर बारा पाळ्या. म्हणजे अरिकाच्या भरवशावर बसलेला खेळाडू आपल्या वेळेचा चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा, नुसता पूल मोजत बसलेला असतो. अरिका वाईट निवड आहे असे यातून ठरत नाही. इनर सर्कल या सर्वोच्च मंडळाची सदस्य म्हणून तिच्याकडे ठरावांवर चार मते आहेत आणि ती एकटी सभा फिरवू शकते. पण तिच्या डेकने पहिल्या तीन-चार पाळ्या कशा काढायच्या याचे उत्तर आधी द्यायला हवे, आणि तिला घेऊन बांधलेल्या पुष्कळ डेकांत ते उत्तर नसते.

याच्या उलट टोकाला 3 क्षमतेच्या पाच पोरांचा जथा. खर्च 15, हाताशी 15. दुसऱ्या पाळीपासून कृती सुरू, आणि पाचही जण साधा ब्लीड करायला लागले तर पाळीला पाच पूल. हा जथा स्वस्त, उर्मट आणि ठिसूळ असतो. सावजाच्या टेबलावर अडवणारे दोन नेटके हस्तक असले की तो तिथेच थकतो, कारण लहान व्हॅम्पायरांकडे शक्ती थोड्या आणि त्याही बहुधा खालच्या पातळीच्या.

या दोन टोकांच्या मधे बहुतेक चांगले डेक राहतात, आणि त्यांची पहिली परीक्षा क्रिप्टमध्ये होते.

डेकचे दोन भाग असतात. क्रिप्टमध्ये व्हॅम्पायर, किमान 12. लायब्ररीत बाकी सगळे, 60 ते 90 पाने. डावाच्या सुरुवातीला क्रिप्टमधले चार व्हॅम्पायर मिळतात आणि बहुतेक वेळा त्याच चारांवर डाव काढावा लागतो, कारण पाचवा काढायला चारही ट्रान्सफर आणि वर एक पूल जातो. या खेळात एकाच पानाच्या कितीही प्रती चालतात, ‘मॅजिक’सारखी चारची मर्यादा नाही. मग ज्या व्हॅम्पायरवर डेक उभा आहे, त्याच्या किती प्रती घ्याव्यात? इथे अंदाजाची गरज नाही, शाळेतली संभाव्यता पुरते. बारात एकच प्रत असेल तर पहिल्या चारांत ती दिसण्याची शक्यता 33 टक्के. दोन असतील तर सुमारे 58. तीनला साधारण 75, चारला 86, पाचला 93 आणि सहाला 97. दुसऱ्या प्रतीने 25 टक्क्यांची कमाई होते, सहाव्या प्रतीने जेमतेम चारची. शिवाय खास व्हॅम्पायरांना नियम असा की एकाच नावाचे दोन टेबलावर आले तर वाद लागतो, म्हणून दुसरी प्रत हाती आली की ती बहुधा मेलेली जागा. ज्या डेकचा सगळा डोलारा एका नावावर आहे तो पाच प्रती घेतो आणि दुसरी-तिसरी प्रत वाया जाणार हे गृहीत धरतो. ज्याला कुळातला कोणीही चालतो तो दोनदोनच्या जोड्या लावतो. तीन प्रती घेऊन ‘बघू, येईल’ म्हणणारा दर चार डावांतला एक डाव बसण्याआधीच गमावून बसतो.

क्रिप्टवर आणखी एक लगाम आहे. प्रत्येक व्हॅम्पायरवर गटाचा क्रमांक छापलेला असतो आणि एका क्रिप्टमध्ये एकाच किंवा लागून असलेल्या दोनच गटांतले व्हॅम्पायर चालतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची सोयरीक जमते, दुसऱ्या आणि चौथ्याची नाही. तीस वर्षांत छापलेले सगळे उत्तमोत्तम एका जागी गोळा करायला मिळाले असते तर प्रत्येक कुळाचा एकच क्रिप्ट सगळीकडे दिसला असता. या नियमामुळे जुन्या, मागे पडलेल्या नावांनाही अधूनमधून बोलावणे येते.

लायब्ररीचा विचार करताना मराठी घरातल्या पत्त्यांच्या सवयी आड येतात. मेंढीकोटात वाटलेली पाने हातात असतात, हुकूम जपून ठेवायचा, योग्य वेळी मारायचा. जपणारा शहाणा. इथे सात पाने हातात असतात आणि पान खेळले की त्याच क्षणी लायब्ररीतून नवे उचलायचे. एका पाळीत कोणी पाच पाने खेळला तर पाच नवी पाहतो. कोणी एकही खेळू शकला नाही तर पाळीच्या शेवटी एक पान टाकून एक उचलण्याची मुभा, बस. त्यामुळे न खेळता येणारे प्रत्येक पान ही हाताच्या सातव्या हिश्शाची तुंबलेली मोरी. चार पाने अशी तुंबली की खेळाडू पाचांच्या टेबलावर तीन पानांचा हात घेऊन बसलेला असतो.

‘सगळ्यासाठी तयार’ असलेला डेक इथेच फसतो. दहा पाने मारामारीची, दहा अडवण्याची, दहा मतांची, दहा लपण्याची, दहा ब्लीडची. कागदावर किती समंजस दिसतो! पण मारामारीची पाने मारामारी झाल्याशिवाय हलत नाहीत, अडवण्याची पाने कोणी अंगावर आल्याशिवाय हलत नाहीत. शिकारी गप्प बसला तर बचाव हातात साचतो, सावज अडवत नसेल तर लपण्याची पाने साचतात. म्हणून अनुभवी खेळाडू पान निवडताना त्याचा जोर पाहण्याआधी ते दर पाळीला स्वतःच्या मर्जीने हातातून जाईल का हे पाहतो. ‘गव्हर्न द अनअलाइन्ड’ इतकी वर्षे टिकून आहे ते याच गुणावर. सावज उघडे असेल तर ते ब्लीड वाढवते. नसेल तर वरच्या पातळीवर रक्तपेढीतून तीन रक्त उचलून आपल्या एखाद्या लहान, अजून न उभ्या राहिलेल्या व्हॅम्पायरवर चढवते, म्हणजे तीन पूल वाचवते. हाताला गंज चढूच देत नाही.

60 पाने घ्यावीत की 90, हा वाद जुना आहे आणि त्यालाही आकड्यांची बाजू आहे. ‘डिफ्लेक्शन’ या बचावाच्या पानाच्या नऊ प्रती 90 च्या लायब्ररीत टाकल्या, तर पहिल्या सात पानांत एकही नसण्याची शक्यता सुमारे 47 टक्के. त्याच नऊ 60 पानांत टाकल्या तर ती 30 टक्क्यांवर येते. लहान लायब्ररी हवे ते पान लवकर देते, पण भराभर पाने खेळणाऱ्या डेकची लायब्ररी डावाच्या उत्तरार्धात संपते. संपली म्हणून कोणी हरत नाही, नुसते नवे पान मिळणे थांबते. मात्र अंतिम दोघांच्या झुंजीत रिकाम्या हाताने बसणे हे हरण्यापेक्षा फार वेगळे नाही. लपूनछपून ब्लीड करणारे, मारामारी करणारे डेक पानांचा फडशा पाडतात, ते 80 ते 90 च्या घरात असावेत. मतांवर चालणारा, पाळीला दोन-तीन पाने खेळणारा डेक 70 पानांत सुखाने जगतो. आणि 90 भरायची म्हणून भरलेली शेवटची दहा पाने कोणती, हे विचारून पाहावे. बहुतेक वेळा डेकमधली सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात निरुपयोगी पाने तीच असतात.

आता पुन्हा डाव्या-उजव्या बाजूकडे, कारण या खेळातले सर्वांत मोलाचे पान तिथेच सापडते. शिकाऱ्याने सहाचा ब्लीड केला. अडवायला गेले तर त्याच्याकडे लपण्याची पाने आहेत. अशा वेळी ‘डिफ्लेक्शन’ खेळले की तो ब्लीड दुसऱ्या खेळाडूकडे वळतो. ज्याने ब्लीड केला त्याच्याकडे तो परत पाठवता येत नाही, पण आपल्या सावजाकडे पाठवता येतो. शिकाऱ्याने स्वतःची पाने खर्चून, स्वतःचे रक्त सांडून आपल्या सावजाचे सहा पूल खाल्ले! एका पानात बचाव झाला आणि चढाईही. डॉमिनेट आणि ऑस्पेक्स या दोन शक्तींकडे ब्लीड वळवण्याची सोय आहे, आणि म्हणूनच ट्रेमेअर, व्हेन्ट्रू, मालकेव्हियन, टोरेडोर ही कुळे हाताळायला सोपी वाटतात. ज्या कुळाकडे ही सोय नाही त्याने डेक बांधताना पहिला प्रश्न हाच सोडवावा. ब्रूहा कुळाकडे सेलेरिटी, पोटेन्स आणि प्रेझेन्स आहेत. धावणे, ठोसे मारणे आणि मोहिनी घालणे त्यांना जमते, पण उजवीकडून येणारा ब्लीड वळवणे जमत नाही. मग त्यांचा डेक उजवीकडे जाऊन शिकाऱ्याचे हस्तक आडवे करतो, किंवा मतांच्या सौद्यात शिकाऱ्याला गुंतवतो. दोन्ही वाटा महागड्या आहेत.

जागे राहण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला. कृती केलेला हस्तक लॉक होतो आणि पुढच्या पाळीपर्यंत अडवू शकत नाही, प्रतिक्रियेची पाने खेळू शकत नाही. हातात तीन ‘डिफ्लेक्शन’ आणि टेबलावर सगळे लॉक, असा माणूस दर डावात कोणीतरी असतोच. ‘वेक विथ इव्हनिंग्ज फ्रेशनेस’ हे पान त्याच्यासाठी आहे. ते स्वतः काहीच करत नाही, फक्त लॉक झालेल्या हस्तकाला प्रतिक्रिया देऊ देते. नवखे खेळाडू अशा रुक्ष पानांना दोन-तीन जागा देतात. वळवण्याच्या पानांवर भिस्त असेल तर त्यांची संख्या वळवण्याच्या पानांच्या आसपास असायला हवी, कारण ही जोडी सुटी सुटी आली तर दोन्ही तुंबतात.

एक डेक उलगडून पाहिला तर हे सगळे एकत्र दिसेल. व्हेन्ट्रू घ्या. या कुळाच्या शक्ती तीन: डॉमिनेट, फोर्टिट्यूड आणि प्रेझेन्स. शिवाय कुळात प्रिन्स, म्हणजे शहरांचे सत्ताधारी, पुष्कळ, आणि प्रत्येक प्रिन्सकडे दोन मते. क्रिप्टमध्ये 6 ते 8 क्षमतेचे प्रिन्स धरले तर दोन उभे करायला 14-15 पूल जातात, तितकेच शिल्लक राहतात, आणि पहिला उभा राहिला की ‘गव्हर्न’ची वरची पातळी त्याच्याहून लहान दुसऱ्याला स्वस्त करते. डावीकडे हल्ला दुहेरी. एक ब्लीडचा, तो वर आलाच. दुसरा सभेचा: ‘काइन रिसोर्सेस कंटेस्टेड’ हा ठराव मंजूर झाला की चार पूलचे नुकसान दोन किंवा अधिक खेळाडूंत वाटता येते, म्हणजे सावजाला 3 आणि दुसऱ्या कोणाला 1. तो एक कोणाला द्यायचा यावर जी घासाघीस होते तिच्यात मते जिंकली जातात. फोर्टिट्यूडचे ‘फ्रीक ड्राइव्ह’ हे पान कृती झाल्यावर व्हॅम्पायरला पुन्हा मोकळा करते: आधी ठराव, मग ब्लीड, किंवा आधी ब्लीड आणि मग मोकळा होऊन उजवीकडे पहारा. ठरावाचे आणखी एक भले असे की नको असलेले राजकीय पान दुसऱ्याच्या सभेत टाकून एक मत घेता येते, म्हणजे ते सहसा तुंबत नाही. उजवीकडे ‘डिफ्लेक्शन’. पूल परत मिळवायला ‘ब्लड डॉल’ आणि ‘मिनियन टॅप’, दोन्ही व्हॅम्पायरवरचे रक्त काढून पूलमध्ये टाकणारी मास्टर पाने.

यात मारामारी कुठे आहे? जवळजवळ नाहीच. प्रेझेन्सचे ‘मॅजेस्टी’ लढत तिथल्या तिथे संपवते, तेवढी पाच-सहा पाने घेतली की झाले. समोर पोटेन्सवाला आला आणि त्याने ‘इमॉर्टल ग्रॅपल’ खेळून फक्त हातांच्या माऱ्याची सक्ती केली तर ‘मॅजेस्टी’ चालणार नाही आणि आपला प्रिन्स निश्चेष्ट होऊन टॉर्परमध्ये जाईल. ते सोसायचे. प्रत्येक टेबलावर असा पोटेन्सवाला असतोच असे नाही, आणि असला तरी तो आपल्या शेजारीच बसेल असेही नाही. त्याच्या भीतीने दहा पाने घालणारा दर डावात त्या दहा पानांचा दंड भरतो. मास्टर पानांबद्दलही थोडे असेच. पाळीला साधारण एकच मास्टर खेळता येते. बारा पाळ्यांच्या डावात पंधराहून अधिक मास्टर कशाला, याचे कारण सांगता आले तरच ती घ्यावीत.

मारामारीच्या डेकांवर इथे जरा कडू बोलणे भाग आहे, कारण नवख्यांना तेच सर्वाधिक भुलवतात. दुसऱ्याच्या व्हॅम्पायरवर धावून जाणे, त्याला लोळवणे, त्याचे रक्त पिऊन टाकणे यात नाट्य आहे. पण लोळवलेल्या व्हॅम्पायरने सावजाचा पूल कमी होत नाही. ते नंतर वेगळे करावे लागते. आणि उजवीकडच्या शिकाऱ्याला उद्ध्वस्त केले तर फायदा कोणाचा? बाद झालेल्या खेळाडूचा विजयगुण त्याच्या शिकाऱ्याला जातो, त्याला कोणीही संपवले असो, आणि वर सहा पूलही मिळतात. म्हणजे शिकाऱ्याला चिरडण्यात पंधरा पाने घालवणारा माणूस आपल्याच उजवीकडे अधिक धष्टपुष्ट नवा शिकारी आणून बसवतो. चांगला मारामारीचा डेक शिकाऱ्याला जखमी ठेवतो, मरू देत नाही. असा संयम दाखवणारे डेक आहेत, पण ते बांधायला फार अवघड. भिंतीसारखे अडवत बसणारे डेक याहून सोपे, मात्र त्यांना घड्याळ खाते: मुदत संपली की उरलेल्या प्रत्येकाला अर्धा गुण, आणि डाव जिंकायला निदान दोन गुण लागतात, तेही इतरांपेक्षा जास्त.

वेगवान ब्लीडच्या डेकलाही एक खोट असते. सावज लवकर बाद केले की पुढचे सावज ताजे, भरलेल्या पूलचे आणि सावध झालेले मिळते. बाद केल्याबद्दल मिळालेले सहा पूल ही त्याची एकमेव शिदोरी. म्हणून अशा डेकचा कस पहिल्या बळीत लागत नाही, दुसऱ्यात लागतो.

विजेत्या डेकांची जी टिपणे खेळाडूंनी वर्षानुवर्षे जपली आहेत त्यांतून ही जाण हळूहळू तयार झाली, आणि ती तयार व्हायला वेळ मिळाला हेही नवलच. विझार्ड्सने 1996 च्या ‘सबात’ संचानंतर हात आखडता घेतला. 2000 मध्ये व्हाइट वुल्फने स्वतः ‘सबात वॉर’ काढून खेळ पुन्हा उभा केला आणि दहा वर्षे संचांमागून संच आले. 2010 मध्ये ‘हेअर्स टु द ब्लड’नंतर छपाई थांबली. तेव्हा व्हॅम्पायर: एल्डर किंड्रेड नेटवर्क या खेळाडूंच्या संघटनेने स्पर्धा चालू ठेवल्या, इतकेच नव्हे तर 2013 मध्ये ‘डान्स मकाब्र’ हा नवा संच छापून घेण्याजोग्या फाइलच्या रूपात काढला. 2018 पासून ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्सकडे परवाना आहे; 2020 च्या पाचव्या आवृत्तीत मालकेव्हियन, नोस्फेरातू, टोरेडोर, ट्रेमेअर आणि व्हेन्ट्रू या कुळांचे तयार डेक आले.

याचा डेकबांधणीशी थेट संबंध आहे. पूर्वी पाकीट फोडल्यावर काय निघेल ते नशीब, आणि प्रतींना मर्यादा नसल्याने श्रीमंत संग्राहकाला उघड फायदा. आता पाकिटात काय आहे ते बाहेरच लिहिलेले असते. तयार डेक घ्यावा, दहा-बारा डाव तसाच खेळावा, मग त्याच कुळाचा दुसरा डेक घेऊन पाने दुप्पट करावीत आणि अर्धी कापावीत: शिकण्याचा याहून स्वस्त मार्ग दिसत नाही. पाने दुप्पट झाल्यावर कापणे सोपे जाते, कारण तोवर कोणते पान दर डावात हातात अडकून राहिले ते हाताला आठवत असते. तीन डावांत एकदाही न खेळलेले पान बाहेर काढावे. अपवाद फक्त बचावाचा, कारण शांत शिकारी मिळाला हा योगायोग असू शकतो.

डेकमध्ये न छापलेली एक गोष्ट उरते, ती म्हणजे बोलणे. टेबलावर सौदे चालतात: ‘माझ्या ठरावाला मत दे, दोन पाळ्या तुला ब्लीड करणार नाही.’ शब्द मोडला तर नियम आड येत नाहीत. म्हणून काही डेक मुद्दाम निरुपद्रवी दिसतील असे बांधलेले असतात. पाचव्या पाळीपर्यंत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. याउलट दुसऱ्याच पाळीला मोठा ब्लीड करणाऱ्याच्या सावजाला समोरचे दोघेही मदत करू लागतात, कारण उद्या त्यांचीच पाळी येणार हे त्यांना दिसत असते. पाच जणांच्या टेबलावर उघडपणे सर्वांत बलवान असणे महागात पडते, आणि डेक बांधताना हा खर्चही मांडावा लागतो.

स्पर्धेच्या अंतिम फेरीत हा हिशेब उघड्यावर येतो. दोन-तीन प्राथमिक फेऱ्यांतून पाच जण निवडले जातात. बसण्याची जागा आधी पाचवा निवडतो, मग चौथा, आणि सर्वाधिक गुणांचा खेळाडू शेवटी, सगळे बसलेले पाहून. तोवर एकमेकांचे डेक बरेचसे ठाऊक झालेले असतात. ब्लीड वळवणारा डेक असेल तर तो जोरदार ब्लीड करणाऱ्याच्या डावीकडे जाऊन बसतो, म्हणजे तो ब्लीड वळवून सावजावर टाकता येईल. ब्रूहांचा डेक असेल तर तीच खुर्ची तो चुकवतो. अंतिम फेरीत गुण सारखे झाले तर प्राथमिक फेऱ्यांत वर असलेला जिंकतो. कोणीच बाद झाले नाही तरीही. त्यामुळे भिंतीसारखा अडवणारा डेक, जो एरवी घड्याळापुढे हरतो, तोच पहिल्या क्रमांकाने अंतिम फेरीत आला की उरलेल्या चौघांना त्याच्यावर चालून जाण्यावाचून गत्यंतर नसते, आणि वर्तुळाच्या नियमाने ब्लीड करून त्याच्यावर चालून जाऊ शकतो तो त्यांच्यातला एकच.